रात्रपाळीत एम६ चे टॅप तुटताहेत, जी८४ मध्ये काय चुकतंय?

साकीनाका_गाळा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, कारण चार रात्री झोप नाही.

साकीनाक्याला आमचा छोटा गाळा आहे. एक व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारं उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन), एक जुनं रेडियल ड्रिल, दोन लेथ. व्हीएमसीवर फॅनुक कंट्रोल, म्हणजे प्रोग्राम वाचून मशीन चालवणारा संगणक. प्रोग्राम मी लिहितो, दिवसपाळीत सेटिंगही मीच करतो. सध्या एसएस ३०४ च्या २० मिमी जाड प्लेटी चालू आहेत. एका प्लेटीत एम६ ची २४ आंधळी, म्हणजे आरपार न जाणारी भोकं. ड्रॉइंगप्रमाणे आटे १२ मिमी पूर्ण, भोक पूर्ण व्यासात १६ मिमी खोल.

पहिल्या सात प्लेटी एका टॅपमध्ये (भोकात आटे पाडायचं हत्यार) निघाल्या. मग नवीन टॅप चढवला आणि तेव्हापासून चार रात्रींत तीन टॅप भोकात तुटले. एकदा तिसऱ्याच भोकात, एकदा बाराव्यात, एकदा अख्खी प्लेट होऊन दुसरीच्या पाचव्यात. दिवसा मी उभा असताना एकही तुटला नाही. तुटलेली प्लेट टेम्पोने कुर्ल्याला स्पार्कवाल्याकडे जाते, तो टॅप विजेच्या ठिणग्यांनी जाळून देतो, त्यात एक दिवस जातो. मालक माझ्यावर ओरडत नाहीत, पण काल म्हणाले, "प्रोग्राम एकदा कुणाला तरी दाखव." म्हणून दाखवतोय.

टी०७ एम०६
जी९० जी५४ जी०० एक्स१५. वाय१५.
जी४३ एच०७ झेड५०. एम०८
एम२९ एस३००
जी९९ जी८४ झेड-१४.५ आर५. एफ३००
एक्स४५.
(पुढे बाकीची भोकं)
जी८० एम०९

नव्या वाचकांसाठी: जी८४ म्हणजे टॅपिंग, एम२९ म्हणजे रिजिड, स्पिंडल आणि झेड एकमेकांना बांधलेले. एस म्हणजे मिनिटाला फेरे, एफ म्हणजे मिनिटाला मिलिमीटर, झेड म्हणजे खोली, आर म्हणजे प्लेटीच्या किती वरून सुरुवात, एच०७ म्हणजे टूलच्या लांबीचा ऑफसेट.

त्याआधी ५.१ चं कोबाल्ट ड्रिल, ११८ अंशांचं, जी८३ ने झेड-१६ पर्यंत. टॅप स्पायरल फ्लूट (पिळाच्या खाचांचा, चिप वर काढणारा), सी फॉर्म. रात्रीचा ऑपरेटर चांगला माणूस आहे, चार वर्षं आमच्याकडे आहे. त्याच्यावर ढकलायचं माझ्या मनात नाही.

गो_नोगो

धागा वाचून लगेच लॉगिन केलं, कारण मी क्वालिटीत आहे आणि तुटलेल्या टॅपपेक्षा मला न तुटलेल्या भोकांची काळजी जास्त वाटते. तीन गोष्टी सांगा. रात्री निघालेल्या प्लेटीत गो गेज (आट्यात जायलाच हवं ते) किती फेरे आत जातंय? नोगो (जे आत जायला नको ते) किती जातंय? आणि हे कुणी मोजतंय का, की गेज लावून "गेलं" एवढंच लिहितात?

एम६ चा पिच १ मिमी, म्हणजे एक फेरा बरोबर एक मिलिमीटर. मोजायला इतकं सोपं माप दुसरं नाही. १२ हवेत तर १२ फेरे मोजायचे.

साकीनाका_गाळा

नोगो एकच फेरा जाऊन अडकतं, ते बरोबर आहे. गो चे फेरे मी मोजले नव्हते. रिपोर्टमध्ये फक्त "ओके" असतं. उद्या सकाळी मोजून सांगतो.

वसई_प्रोग्रामर

तुमच्या प्रोग्रामचं व्याकरण बरोबर आहे. एम२९ आणि जी८४ यांच्यामध्ये तुम्ही ना एस दिलाय ना अक्ष हलवलाय. तसं केलं तर फॅनुक तिथेच अलार्म देऊन उभं राहतं. एस३०० म्हणजे एम६ ला साधारण ५.६ मीटर प्रति मिनिट, ३०४ साठी हाय स्पीड स्टीलच्या टॅपला अगदी योग्य वेग. आर५ ही ठीक, पिचच्या पाचपट जागा आहे, स्पिंडल आणि झेड एकमेकांशी जुळायला तेवढी पुरते.

पण मला एफ३०० खटकतंय. आज ते चूक नाही, कारण ३०० गुणिले १ म्हणजे ३०० होतं. मात्र पिच इथे कुठेच लिहिलेला नाही. कंट्रोल एफ भागिले एस करून पिच काढतं. रात्री कुणी "जरा जोरात चालू दे" म्हणून एस३५० केलं आणि एफ तसाच राहिला, तर कंट्रोलच्या मते पिच ०.८५७ होतो. टॅप मात्र दर फेऱ्याला १ मिमीच पुढे जायला बघणार. साडेचौदा मिलिमीटर खाली जाईपर्यंत त्याने जवळजवळ १७ फेरे घेतलेले असतील. रिजिडमध्ये तो फरक पोटात घ्यायला जागाच नसते, आटे कापले जातात नाहीतर टॅप जातो.

मी सगळ्या टॅपिंगला जी९५ वापरते. मग एफ म्हणजे थेट पिच. एस कितीही बदला, एफ१. तसाच राहतो आणि वाचणाऱ्याला दिसतं की हा १ पिचचा टॅप आहे.

जी९५
एम२९ एस३००
जी९९ जी८४ झेड-१४.५ आर५. एफ१.
(भोकं)
जी८०
जी९४

शेवटचं जी९४ (त्याने एफ परत मिनिटाला मिलिमीटर होतो) विसरू नका, हे पाया पडून सांगते. जी९५ तसंच चालू राहिलं आणि पुढच्या टूलला एफ२०० आलं, तर कंट्रोल ते दर फेऱ्याला २०० मिलिमीटर असं वाचतं. एंडमिल जॉबमध्ये कशी घुसते ते मी एकदा पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही. म्हणून माझ्याकडे प्रत्येक टूलच्या पहिल्या ओळीतही जी९४ असतं.

रात्री एस बदललं गेलंय का, हे आधी बघा.

साकीनाका_गाळा

ताई, बघितलं. प्रोग्राम लॉक आहे, चावी मालकांकडे. एस३००, एफ३०० जसेच्या तसे आहेत. पण जी९५ चं मनापासून पटलं, आजच बदलतो.

स्पिंडल_दुरुस्ती

मी मेंटेनन्सवाला, ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून अंधेरीच्या एमआयडीसीपर्यंत फिरतो. टॅप तुटला की पहिला फोन आम्हाला येतो, "स्पिंडलचा एन्कोडर गेलाय, बघा." दहातल्या नऊ वेळा तो गेलेला नसतो.

रिजिड टॅपिंगमध्ये स्पिंडलच्या एन्कोडरवरून कंट्रोल बघतं की किती अंश फिरलं, आणि तेवढंच झेड खाली नेतं. तळाशी दोघं एकदम थांबतात, एकदम उलटे फिरतात. स्पिंडल आणि झेडमधला फरक वाढला तर कंट्रोल स्वतः अलार्म देतं. तुमच्याकडे ७४० किंवा ७४१ आलाय का? नसेल तर मशीन आपलं काम करतंय. एकदा २०५ आला होता का, तेही आठवा. तो आला तर रिजिडचा सिग्नल मध्येच पडतोय, मग आमचं काम.

फीड ओव्हरराइडच्या बटणाची शंका काही जणांना येते. जी८४ चालू असताना ते बटण चालत नाही, १०० टक्केच धरलं जातं. फीड होल्ड दाबलं तरी टॅप वर आल्याशिवाय मशीन थांबत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, टॅप भोकात असताना एकटं झेड थांबलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून टॅपचा आवाज बदलला की घाबरून फीड होल्ड दाबून उपयोग नाही, आणि इमर्जन्सी दाबली तर टॅप आत अडकून राहतो.

अडकलेल्या टॅपवरून आठवलं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, लोकलसुद्धा रुळांवर उभ्या होत्या. त्या दिवशी मी एका गाळ्यात होतो आणि एम१० चा टॅप नेमका भोकाच्या मध्यावर. वीज आल्यावर तिथला मुलगा सवयीने झेड वर घ्यायला जॉगच्या बटणाकडे हात नेत होता, मी ओरडून थांबवला. फिरवल्याशिवाय वर ओढलं असतं तर आटे आणि टॅप दोन्ही गेले असते. आम्ही कोलेट (टॅप धरणारी पकड) सैल केलं, झेड नुसतं होल्डर घेऊन वर नेलं आणि टॅप हातानं, हँडल लावून, उलटा फिरवत काढला. कंट्रोलमध्ये टॅप परत बाहेर काढायची सोय असते, पण मशीन बनवणाऱ्याने ती चालू करून दिलेली असली पाहिजे. आपल्या मशीनवर ती आहे का, हे वीज असताना विचारून ठेवा.

साकीनाका_गाळा

दादा, ७४० नाही, २०५ नाही. काही अलार्म आलेला नाही. टॅप तुटतो आणि मशीन पुढच्या भोकावर जातं. दोनदा तर ऑपरेटरला पुढचं भोक झाल्यावर कळलं.

भांडुपचे_फिटरकाका

मला संगणकातलं काही कळत नाही, माझा नातू टाइप करून देतोय. वय ७१. आमचं शिक्षण गिरणीच्या मेकॅनिक खात्यात झालं. ८२ च्या संपात गिरणी सुटली, मग भांडुपला टूलरूममध्ये पंचवीस वर्षं काढली.

आम्ही आटे हातानं पाडायचो. तीन टॅपचा संच असायचा, पहिला निमुळता, दुसरा मधला, तिसरा तळाचा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे चिप तुटते. आंधळ्या भोकात दर दोनतीन फेऱ्यांनी टॅप पूर्ण काढायचा, भोक झटकायचं, तेल घालायचं, पुन्हा लावायचा. आता बाळा, माझं ऐक. टॅप जेव्हा धातू कापत असतो तेव्हा हँडल जड लागतं, पण सरकतं. टॅप जेव्हा तळाला टेकतो, तेव्हा हँडल जड लागत नाही, ते स्प्रिंगसारखं मागे येतं. हाताला हा फरक पहिल्या आठवड्यात कळतो. ज्याला कळला नाही, त्याने टॅप मोडला.

तू सांगतोस त्यात मला हे मागे येणारं हँडल दिसतंय. बोथट झालेला टॅप आधी कुरकुरतो, आवाज करतो, आटे फाडतो, मग तुटतो. तुझा टॅप नवा आहे, आटे चांगले आहेत, आणि तो कधी तिसऱ्यात तर कधी बाराव्यात जातो. म्हणजे तो कुठेतरी टेकतोय. कधी जरा टेकतो, कधी चिपेवर टेकतो.

जो टॅप अजून तुटलेला नाही, आत्ता मशीनवर चढलेला आहे, तो काढ. कापडाने पूस. त्याचं टोक बघ. दात नाही बघायचे, अगदी पुढचं टोक. आणि पंधरा रुपयांची बॅटरी घेऊन भोकाच्या तळात बघ. दोन्हीकडे काय दिसतं ते मला सांग.

वसई_प्रोग्रामर

काकांचं वाचून मी तुमचे आकडे पुन्हा मांडले आणि मला स्वतःचाच राग आला, कारण मी एफ बघत बसले आणि झेड बघितलाच नाही.

ड्रिल ११८ अंशांचं, व्यास ५.१. त्याच्या टोकाचा शंकू व्यासाच्या ०.३ पट, म्हणजे दीड मिलिमीटर. तुम्ही ड्रिलला झेड-१६ दिलंय, ते टोकाचं माप आहे. म्हणजे पूर्ण व्यासाचं भोक १४.५ मिमीच खोल आहे, ड्रॉइंग १६ मागतंय. ड्रिलला झेड-१७.५ हवं. प्लेट २० ची आहे, खाली अडीच मिलिमीटर उरतात, काही अडचण नाही.

टॅपचं बघा. सी फॉर्मला पुढचे दोन ते तीन आटे निमुळते असतात. अडीच धरले तर १२ मिमी पूर्ण आट्यांसाठी टॅपचा पुढचा दात १४.५ वर गेला पाहिजे. तुमचं झेड-१४.५ त्या हिशोबाने बरोबर आहे. पण भोकही १४.५ वरच संपतंय. पुढे फक्त शंकूची जागा. पहिल्या सात प्लेटी त्या शंकूच्या जिवावर निघाल्या.

मग नव्या टॅपने काय बदललं?

साकीनाका_गाळा

सकाळी सहाला येऊन सगळं केलं. काका, हात जोडतो तुम्हाला.

चढलेला टॅप काढला. त्याला पुढे अणकुचीदार टोक आहे, पेन्सिलीसारखं. मोजलं तर अडीच मिलिमीटर. आणि त्या टोकाचा शेंडा चपटा होऊन आरशासारखा चकचकीत झालाय. भोकात बॅटरी मारली तर तळाला मोहरीएवढी चमकती टिकली, बारा भोकांत तरी नक्की. मग कचऱ्याच्या डब्यातून पहिला, सात प्लेटी काढलेला टॅप शोधला. त्याला टोक नाही. पुढून सपाट आहे.

स्टोअरने या वेळी वेगळ्या बनावटीचे टॅप आणले होते. डब्यावर एम६, ६एच (आट्यांच्या मापाला किती सूट ते), स्पायरल फ्लूट, सी, सगळं तेच. टोकाबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही आणि आम्ही कुणी बघितलं नाही.

आता ऐका पुढे. टूलची लांबी आम्ही खाली ठोकळा ठेवून, टॅपचं पुढचं टोक टेकवून घेतो. म्हणजे नव्या टॅपची लांबी टोकापासून घेतली गेली. दात अडीच मिलिमीटर वर राहिले. आटे १२ च्या जागी साडेनऊच पडले.

रात्रीच्या ऑपरेटरने ते ओळखलं. मी त्याला विचारलं, त्याने न लपवता सांगितलं. पहिल्या रात्री गो गेज नऊ-साडेनऊ फेऱ्यांनी थांबलं, त्याने विचार केला की आटे कमी पडताहेत, म्हणून एच०७ च्या वेअरमध्ये (टूलच्या झिजेसाठी लांबीत करायची बारीक दुरुस्ती) वजा १ दिलं. मग साडेदहा आले. अजून वजा ०.५ दिलं. अकरा आले आणि तेवढ्यावर त्याने चालू ठेवलं. प्रोग्रामला कुलूप होतं, ऑफसेटला नव्हतं. म्हणजे टॅपचं टोक झेड-१६ वर जात होतं. ड्रिलचं टोकही बरोबर झेड-१६ वर. अगदी टोकाला टोक. ड्रिल जरा झिजलं, किंवा एक चिप खाली राहिली, की संपलं. दिवसा मी येऊन वेअर शून्य करायचो, कारण मला ते आकडे तिथे का आहेत तेच कळत नव्हतं. म्हणून माझ्या पाळीत तुटत नव्हते.

गेज मोजणारा फक्त तो एकटा होता. मी रिपोर्टवर "ओके" लिहीत होतो.

गो_नोगो

म्हणजे तुमच्या दिवसपाळीच्या प्लेटी साडेनऊच्या आहेत. त्या कुठे आहेत?

साकीनाका_गाळा

नव्या टॅपपासूनच्या पाच रॅकवर आहेत. चार परवा गेल्या.

गो_नोगो

आजच फोन करा. उद्या नको. गिऱ्हाईकाच्या बोल्टची लांबी आपल्याला माहीत नाही. १२ मिमीच्या हिशोबाने घेतलेला बोल्ट साडेनऊवर अडकला, तर लावणाऱ्याला वाटतं घट्ट बसला, पण ताण प्लेटीवर नाही, आट्यांच्या शेवटावर असतो. वरची प्लेट सैलच राहते. मालकांना सांगायला जड जाईल हे मला कळतं, मी अशा फोनच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. स्वतःहून आलेला फोन आणि असेंब्लीत सापडल्यावर गेलेला फोन यांत फार अंतर असतं.

नागदेवी_पाहुणा

मी टॅप-ड्रिल विकणारा. नागदेवी स्ट्रीटला गल्लीत दुकान आहे, नाव सांगत नाही कारण जाहिरात करायची नाही. पण या धाग्यात माझाही एक भाग आहे असं वाटलं.

लहान टॅपला पुढे टोक असणं हा दोष नव्हे. टॅप ग्राइंड करताना तो दोन टोकांमध्ये धरतात, त्यासाठीचं ते सेंटर असतं. बारीक टॅपमध्ये आत खड्डा पाडायला जागा नसते म्हणून ते बाहेर असतं. आंधळ्या भोकाच्या टॅपवरून काही कारखाने ते काढून देतात, काही ठेवतात. दुकानात येणारा माणूस विचारतो "एम६ स्पायरल आहे का, कितीला?" आम्हीही तेवढंच देतो. यापुढे आंधळ्या भोकासाठी म्हटलं की मी टॅप उघडून टोक दाखवीन, हे इथे कबूल करतो.

घेताना दांड्यावरचं वाचत जा. डिन ३७१ म्हणजे दांडा जाड, एम१० पर्यंत. ३७६ म्हणजे दांडा आट्यांपेक्षा बारीक, खोल भोकात जाणारा. बी म्हणजे साडेतीन ते साडेपाच आटे निमुळते, सी म्हणजे दोन ते तीन, ई म्हणजे दीड ते दोन. खाली जागाच नसेल तर ई घ्या, पण ३०४ मध्ये त्याच्या दातांवर भार फार येतो, लवकर जातो. आणि आरपार भोकाला स्पायरल पॉइंट द्या, ज्याला आपल्याकडे गन टॅप म्हणतात. तो चिप पुढे ढकलतो. आंधळ्या भोकात तोच चुकून लावला तर चिप तळाशी ठासून भरते, हेही रोज होतं.

स्पिंडल_दुरुस्ती

टोक ग्राइंडरवर काढता येतं, त्यासाठी टॅप फेकू नका. हळू, पाण्यात बुडवत, निळं न पडू देता. दातांना हात लावायचा नाही.

आणि ड्रिलकडे लक्ष द्या. ३०४ बोथट ड्रिलखाली कडक होतं. ड्रिल घासत राहिलं की भोकाच्या भिंतीला कडक कातडी येते आणि तो मार पुढे टॅपला बसतो. ड्रिल तुम्ही किती भोकांनी बदलता?

साकीनाका_गाळा

वाजायला लागलं की.

स्पिंडल_दुरुस्ती

वाजायच्या आधी बदला. आकडा तुमचा तुम्ही ठरवा, दोन-चार ड्रिलं बघून, आणि कंट्रोलमधल्या टूल लाइफमध्ये टाका. ड्रिल टॅपपेक्षा स्वस्त आहे आणि स्पार्कवाल्याच्या टेम्पोपेक्षा तर नक्कीच.

वसई_प्रोग्रामर

५.१ चं ड्रिल घेतलंत ते छान केलंत. पुष्कळ जण तक्त्यातलं ५.० च धरून बसतात. एम६ च्या ६एच ला आतला व्यास ४.९१७ ते ५.१५३ चालतो. ५.१ ने आट्यांची पकड ६९ टक्क्यांच्या आसपास येते, ५.० ने ७७. स्टेनलेसमध्ये तेवढ्याने टॅपचा भार चांगलाच कमी होतो. पण ५.१ चं ड्रिल डगमगलं तर ५.१५३ ओलांडायला वेळ लागत नाही, म्हणून आतल्या व्यासाचं पिन गेज जवळ ठेवा.

एम८ ला हेच ६.८ आणि ६.९. तिथे वरची हद्द ६.९१२, म्हणजे ६.९ वर फक्त बारा मायक्रॉन उरतात. मी तिथे ६.८ च घेते.

टॅपिंग_शिकाऊ

मध्येच विचारतो, माफ करा. मी आयटीआय करून नुकताच लागलोय. आमच्याकडे पाइपचे आटे येतात, पाव इंच बीएसपी, इंचाला १९. जी९५ मध्ये एफ किती द्यायचा? सर म्हणाले १.३४.

वसई_प्रोग्रामर

२५.४ भागिले १९, म्हणजे १.३३६८. कंट्रोल जितके अंक घेईल तितके द्या. १.३४ दिलं तर दर फेऱ्याला तीन मायक्रॉन जास्त, बारा फेऱ्यांत जवळजवळ चार शतांश मिलिमीटर. रिजिडमध्ये कडक होल्डर असेल तर तेवढाही ताण टॅपच्या अंगावर येतो आणि आटे एका बाजूने घासले जातात. आणि बीएसपी ५५ अंशांचा असतो, मेट्रिक ६० चा, गेज वेगळं लागतं. बाकी यासाठी वेगळा धागा काढा ना, तिथे सविस्तर सांगते.

भांडुपचे_फिटरकाका

बाळा, त्या रात्रीच्या मुलाला हे सगळं वाचून दाखवलंस का? त्याने गेजचे फेरे मोजले, कमी पडले ते ओळखलं, काहीतरी करायला गेला. त्याला फक्त टोकाचं ठाऊक नव्हतं, तुलाही नव्हतं. त्याला बोलू नकोस कुणी.

साकीनाका_गाळा

काका, त्याला काल रात्री मशीनजवळ बसून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मी वेअरचा आकडा वहीत लिहायला हवा होता." मी म्हणालो, वहीच नव्हती. आता आहे, कंट्रोलच्या बाजूला दोरीने बांधली आहे.

केलेले बदल सांगतो. ड्रिल झेड-१७.५. टॅपचं टोक ग्राइंडरवर काढलं, लांबी पुन्हा घेतली. झेड-१४.५ तसंच, आता दाताच्या पुढे दीड मिलिमीटर पूर्ण व्यासाची जागा आहे आणि त्याखाली शंकू. ड्रिल आणि टॅपच्या मध्ये एक थांबा घातला, एम००, भोकं हवेने झटकायला. हे कायमचं ठेवायचं नाही, पण ही ऑर्डर संपेपर्यंत राहू दे. कूलंट किती दाट आहे ते रिफ्रॅक्टोमीटरने बघितलं तर चार टक्केच निघालं, पावसाळ्यात टाकीत पाणी जात होतं. ते नऊवर आणलं. जी९५ आणि जी९४ दोन्ही घातले.

मालकांना चार प्लेटींचं सांगितलं. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग माझ्यासमोरच फोन लावला. प्लेटी अजून बसवलेल्या नव्हत्या. संध्याकाळी टेम्पो जाऊन घेऊन आला. पूर्वीच्या आट्यांत टॅप पुन्हा मशीनने घालायची माझी हिंमत झाली नाही, सुरुवातीचा कोन जुळला नाही तर नवेच आटे पडायचे. म्हणून मशीनवर फक्त ड्रिल १७.५ पर्यंत नेलं, आणि उरलेले आटे हातानं पाडले. काका, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. रॅकवरच्या धरून नऊ प्लेटी, २१६ भोकं, आम्ही दोघांनी मिळून. सतराव्या की अठराव्या भोकात माझं हँडल स्प्रिंगसारखं मागे आलं. खाली चिप होती. काढली, झटकलं, पुन्हा घातला.

भांडुपचे_फिटरकाका

कळलं ना हाताला?

साकीनाका_गाळा

कळलं काका.

गो_नोगो

फेरे?

साकीनाका_गाळा

२१६ पैकी २१६ मध्ये बारा. प्रत्येकाचा आकडा रिपोर्टवर लिहिलाय, "ओके" कुठेच नाही. नवीन प्लेटी रात्रीपासून चालू केल्या. सकाळचा वहीतला आकडा: दोन प्लेटी, ४८ भोकं, टॅप तोच, वेअर शून्य.